सेव्हेन

फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ ग्रामीण प्रदेश. मासिफ सेंत्राल या मध्य फ्रान्समधील उंच प्रदेशाच्या आग्नेय कडेवर, मुख्यत्वे लोझेर व गार या जिल्ह्यांत. सर्वोच्च शिखर मों लोझेर (१,६९९ मी.). सहा फूट बर्फ उपसून ‘सेव्हेना’ पर्वत ओलांडल्याचे सीझर इ. स. पू. ५२ च्या वृत्तांतात सांगतो. तो भाग मात्र आजच्या सेव्हेनच्या ईशान्येचा दिसतो. नाव ‘पाठ, कणा’ या अर्थाच्या केल्टिक शब्दावरून आले असावे.

प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारे नांतचे फर्मान १६८५ मध्ये रद्द झाल्यावर येथील प्रॉटेस्टंटांचा छळ वाढला व जुलै १७०२ मध्ये पाँ-द-मोंव्हेर येथे बंडाला तोंड फुटले. बंडखोरांना ‘कामिझार’ म्हणत. या शब्दाची व्युत्पत्ती कोणी ऑक्सितान या दक्षिण फ्रान्समधील भाषेतील ‘कामिझा’ (सदरा) या शब्दावरून, कोणी ‘कामिझाद’ (रात्रीचा छापा) वरून, तर कोणी ‘कामिन’ (वाट) वरून लावतात. छाप्यात आपली माणसे ओळखू यावीत म्हणून सैनिक चिलखतावर सदरा चढवीत, त्यावरूनच ‘कामिझाद’ शब्द पडला; म्हणजे दुसरे मतही सदऱ्यापाशीच येऊन थांबते. तिसरे मत त्यामानाने दुबळे वाटते.

उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांच्या शेतीत गहू बेताचाच पिके. पोट भरे ते चेस्टनटवर. त्याला येथे ‘भाकरीचे झाड’च म्हणतात. फळे ‘क्लेद’ नावाच्या दुमजली खोपटात वाळवीत : खाली धुमसता विस्तव, वर फटी ठेवलेल्या फळ्यांवर फळांचा थर. आच मंद ठेवून हे काम काही आठवडे चाले. मग टरफले काढून गर वर्षभर पुरवीत.

दुसरा आधार तुती व रेशीम. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेब्रिन रोगाने किड्यांचा फडशा पाडला. अंगावर मिरपुडीसारखे ठिपके उठत, म्हणून हे नाव (ऑक्सितान ‘पेब्रे’ = मिरी). लुई पाश्चरने १८६५–६९ दरम्यान आलेस येथे त्यावर काम केले. अंडी घालून झालेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रोगकण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची, ही त्याची रीत. भारतातील अंडीपुंज निर्मिती केंद्रांत आजही मादी पतंगाची अशीच तपासणी होते.

राष्ट्रीय उद्यान १९७०. गाभाक्षेत्रातही कायम वस्ती आहे. मेंढपाळीच्या परंपरेमुळे शेजारच्या कोस पठारांसह २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश. मों एग्वाल शिखरावरील वेधशाळा व मास सुबेरां येथील प्रॉटेस्टंट इतिहासाचे संग्रहालय प्रेक्षणीय. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ मध्ये मोडेस्टिन या गाढवीसह ज्या वाटेने गेला, तीवर आता पदयात्री चालतात. काही जण गाढवही भाड्याने घेतात.