‘मशीन आता देणार’ : स्लॉट मशीनवरील अनुकूल क्षणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातून शनिवारी सकाळी निघालेली गाडी आंबोलीचा घाट उतरून दुपारपर्यंत पणजी गाठते आणि संध्याकाळी मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर चढलेली मंडळी स्लॉट मशीनपुढे, म्हणजे पैसे घालून फिरती चित्रे जुळवण्याच्या जुगारी यंत्रापुढे, घोटाळू लागतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ‘‘हे मशीन भरलंय, आता देणार.’’ आधीच्या माणसाने तासभर पैसे घातले, हाती काही लागले नाही, तो वैतागून उठला, म्हणजे आता आपण बसण्याची वेळ झाली, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब सरसकट खुळचट म्हणता येणार नाही, कारण स्लॉट मशीनच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात खेळणाऱ्याला अनुकूल असे क्षण खरोखर होते आणि त्यांतले काही आजही आहेत. मात्र आपली मंडळी ते जिथे शोधतात तिथे ते नाहीत.

तिथेच का शोधतात, याचे उत्तर मटक्यात आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. 1960 च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात त्याला आकडे काढण्याचे रूप आले आणि तो खेळ राज्यभर पसरला. कोल्हापुरातही पानटपरीच्या फळीवर मागच्या आकड्यांचा चार्ट पसरून ‘‘पंजा बरेच दिवस आला नाही, आज येणारच’’ असे सांगणारा एखादा जाणता भेटत असे. माणसाच्या हातून निघणाऱ्या आकड्यात काढणाऱ्याची खोड किंवा त्याचा स्वार्थ डोकावू शकतो, त्यामुळे चार्टवाल्याचे म्हणणे अगदीच निराधार होते असेही नाही. अडचण एवढीच, की तीच नजर घेऊन आपण यंत्रापुढे बसतो.

यंत्राची सुरुवात साधी होती. सॅन फ्रान्सिस्कोतील चार्ल्स फे या कारागिराने 1890 च्या दशकात ‘लिबर्टी बेल’ नावाचे मशीन बनवले. त्यात तीन रिळे, म्हणजे चित्रे असलेली फिरती चाके, आणि प्रत्येक रिळावर दहा जागा होत्या, म्हणजे एकूण 1,000 जुळण्या, आणि तीन घंटा एका ओळीत आल्या की 50 सेंटचे सर्वांत मोठे बक्षीस मिळे. पुढे च्युइंग गमच्या निमित्ताने मशीनवर फळांची चित्रे आली आणि ती आजतागायत टिकली. या काळातल्या मशीनमध्ये सगळा कारभार स्प्रिंगा आणि दात्यांचा होता, आणि यंत्राला सवयी असतात. दांडा ओढल्यापासून रिळे थांबेपर्यंतचा वेळ जवळजवळ ठरलेला असल्याने 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील काही खेळाडूंनी ठेक्याचे तंत्र साधले : मागच्या फेरीत रिळे कुठे थांबली हे पाहायचे, मनात मोजायचे आणि नेमक्या क्षणी दांडा ओढायचा. ‘योग्य क्षण’ हा शब्दप्रयोग इथे शब्दशः खरा होता. नुकसान लक्षात येताच उत्पादकांनी रिळांच्या फिरण्याचा वेळ दर खेपेला बदलता ठेवणारे भाग आत बसवले आणि ती वाट बुजली.

1963 मध्ये बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ने विजेवर चालणारी मशीन रूढ केली. पण खरा तुकडा पडला तो 1984 मध्ये, इंगे टेलनेस या अभियंत्याला मिळालेल्या पेटंटमुळे. तोपर्यंत मोठे बक्षीस द्यायचे तर रिळावरच्या जागा वाढवायला हव्यात आणि त्यासाठी रीळच मोठे करायला हवे, अशी अडचण होती. 22 जागांची तीन रिळे घेतली तरी जुळण्या 10,648 च होतात. टेलनेसच्या पद्धतीत संगणक आधी एक संख्या निवडतो, ती संख्या एका काल्पनिक रिळावरची जागा ठरवते आणि डोळ्यांपुढचे रीळ फक्त तो निकाल दाखवण्यापुरते थांबते. काल्पनिक रिळावर 64 जागा ठेवल्या तर जुळण्या 2,62,144 होतात. जॅकपॉटच्या चिन्हाला प्रत्येक रिळावर त्यातली एकच जागा दिली, तर तो लागण्याची शक्यता तितक्यांत एक. काचेआड मात्र तीच 22 जागांची रिळे फिरत असतात. शिवाय जॅकपॉटच्या चिन्हाच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना काल्पनिक रिळावर जास्त वाटा देता येतो, त्यामुळे ते चिन्ह ‘थोडक्यात हुकले’ असे दृश्य वारंवार दिसते. ‘‘आता जवळ आलंय’’ या समजुतीचे खत ते हेच.

आणखी एक गोष्ट इथे समजून घ्यावी लागते. मशीन रिकामे असतानाही आतली संख्यानिर्मिती अखंड चालू असते आणि बटण दाबले त्या क्षणाची संख्या निकाल ठरवते. आपण उठलो आणि पुढच्याला जॅकपॉट लागला, तर तो ‘आपला’ नव्हता. आपण बसून राहिलो असतो तरी बटण त्याच क्षणी दाबले असते याची शाश्वती नाही. आधी किती पैसे गेले याची आठवणही या व्यवस्थेत कुठे ठेवलेली नसते, म्हणून मशीन ‘भरत’ नाही.

गोव्याने पंचतारांकित हॉटेलांत अशा मशीनना मुभा देणारी दुरुस्ती 1992 मध्ये केली आणि 1996 मध्ये बोटींवरच्या कॅसिनोची वाट मोकळी झाली. म्हणजे आपल्या माणसांच्या नजरेस स्लॉट मशीन पडले तेव्हा ठेक्याचा जमाना कधीच सरलेला होता. महाराष्ट्राने 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना केंद्राच्या 2025 च्या कायद्याने मनाई केली. त्यामुळे कोल्हापूरकरांसाठी हा विषय पुन्हा घाटाखालीच गेला आहे.

मग खरे अनुकूल क्षण कुठे उरले? 1990 च्या दशकात अमेरिकेत ‘पिगी बँकिंग’सारखी मशीन आली, ज्यांच्या पडद्यावर डुकराच्या आकाराचा गल्ला असे. ठरावीक निकाल आला की त्यात नाणी साचत आणि गल्ला फुटला की ती खेळणाऱ्याला मिळत. अर्धवट भरलेला गल्ला टाकून कोणी उठला, तर मागे उभा असलेला दर्दी चटकन त्या खुर्चीत बसे. इथे मशीनला खरोखर आठवण होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे ठरलेल्या रकमेपूर्वी फुटलाच पाहिजे असा वाढता जॅकपॉट. नुसत्या हिशेबासाठी आकडे घेऊ. जॅकपॉट 50,000 रुपयांच्या आत फुटणार, लावलेल्या प्रत्येक 100 रुपयांमागे मीटर, म्हणजे जॅकपॉटची वाढती रक्कम दाखवणारा आकडा, 50 पैशांनी चढतो आणि जॅकपॉट वगळता मशीन 100 रुपयांतले सरासरी 90 परत देते. उरलेल्या अंतरात तो कुठेही सारख्याच शक्यतेने फुटेल असे धरले, तर मीटर साधारण 45,240 च्या पुढे गेल्यावर खेळ खेळणाऱ्याच्या बाजूला झुकतो. गणित चोख आहे, पण त्याची दुसरी बाजूही मांडून पाहावी. त्या सीमेवर बसणाऱ्याला जॅकपॉट फुटेपर्यंत सरासरी 4,76,000 रुपयांचे डाव लावावे लागतात, त्यात सुमारे 47,600 रुपये गमवावे लागतात आणि तेवढ्याच रकमेचा जॅकपॉट मिळून तो बरोबरीत सुटतो. डाव 100 रुपयांचा आणि तासाला 600 फेऱ्या धरल्या, तरी ही आठ तासांची बैठक झाली. दैव आडवे आले तर सोळा तासांची. मीटर 49,900 वर दिसला तर चित्र पार पालटते, कारण तिथून सरासरी दहा हजारांच्या डावांत काम होते. मात्र तसा मीटर रिकाम्या खुर्चीपुढे फार वेळ टिकत नाही, आणि जॅकपॉट अनेक मशीनना जोडलेला असेल तर मीटर सगळ्यांच्या पैशाने चढतो आणि बक्षीस एकालाच मिळते.