कायम निधी आणि राखीव निधी: क्रीडा विभागाला अचानक पैसा मिळाला तर तो कुठे ठेवावा?

अमेरिकी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला कधी मृत्युपत्रातून, कधी टीव्ही हक्कांच्या नव्या करारातून एकदम मोठी रक्कम मिळते. ‘पैसे एंडोमेंटमध्ये ठेवले’, म्हणजे मुद्दल गुंतवून फक्त उत्पन्न खर्चायच्या निधीत ठेवले, असं जाहीर झालं की सगळे निर्धास्त होतात. पण ही एंडोमेंट दोन प्रकारची असते, कायम निधी आणि राखीव निधी, आणि क्रीडा विभागाचं पुढचं भवितव्य त्यातला कोणता प्रकार निवडला यावर ठरतं.

वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसतात. पैसा एकाच मोठ्या गुंतवणुकीत मिसळलेला असतो आणि दरवर्षी साधारण चार ते पाच टक्के खर्चाला मिळतात. फरक आहे तो मुद्दलाला हात कोण लावू शकतं यात. खऱ्या कायम निधीत अट देणगीदाराची असते आणि ती कायद्याने बांधलेली असते. ‘महिला जलतरणाच्या शिष्यवृत्तीसाठी’ असं लिहिलं असेल तर विश्वस्तांना ती रक्कम फुटबॉलकडे वळवता येत नाही. राखीव निधी विश्वस्त मंडळानेच ठरावाने बाजूला काढलेला असतो. तोच ठराव मंडळ पुढच्या बैठकीत फिरवू शकतं.

ठराव फिरवून मुद्दल काढण्याचा मोह किती मोठा असतो ते पाहा. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने अमेरिकी फुटबॉलचे प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना करार संपण्याआधी काढलं, तेव्हा त्यांचं साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं अंगावर आलं. असं बिल समोर असताना राखीव निधीकडे नजर जाणारच. शिवाय आता खेळाडूंना क्रीडा विभागाच्या कमाईतला थेट वाटाही देता येतो. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. म्हणजे १० कोटींचं घबाड त्यात घातलं तर पाच वर्षंही पुरणार नाही. तेच १० कोटी गुंतवले तर साडेचार टक्क्यांनी वर्षाला ४५ लाख मिळतात. आकडा छोटा वाटतो, पण कमाई न करणारे खेळ जगतात ते अशाच पैशावर.

स्टॅनफर्डचंच पाहा. २०२० मध्ये या विद्यापीठाने ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘अब्जावधींची एंडोमेंट असताना?’ असा संताप उसळला. प्रश्न रास्त होता, पण त्यातला बराच पैसा इतर कामांच्या अटींनी बांधलेला होता. ते खेळ कायमचे चालवायला २० कोटी डॉलरहून अधिक लागतील, असं विद्यापीठाने सांगितलं. चार-पाच टक्क्यांनी हिशेब केला तर हे वर्षाला ८० लाख ते १ कोटी होतात. एवढ्यासाठी कुस्ती, तलवारबाजी, नौकानयन अशा खेळांतली मुलं-मुली वाऱ्यावर सोडली जाणार होती. माजी खेळाडूंनी लढा दिला आणि मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला गेला.

मग करावं काय? देणगीदार हयात असेल तर खरा कायम निधीच मागावा, मात्र उद्देश फार अरुंद नसावा. एकाच संघाच्या नावे बांधलेला पैसा तो संघ बंद पडला की अडकतो, आणि अट बदलण्यासाठी देणगीदाराची संमती किंवा न्यायालय गाठावं लागतं. ‘कमाई न करणाऱ्या खेळांच्या शिष्यवृत्ती’ एवढी रुंदी मला योग्य वाटते. नव्या इमारतीला मात्र मी सर्वांत शेवटी पैसे देईन. ती उभी राहिली की वीज, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचा खर्च दरवर्षी मागे लागतो, आणि देणगीदार सहसा तो देत नाहीत.

टीव्हीच्या पैशाला मात्र देणगीदारच नसतो, त्यामुळे तिथे राखीव निधीच शक्य आहे. अशा वेळी ठरावातच लिहून ठेवावं की मुद्दल काढायला दोन-तृतीयांश मतं लागतील, कारण जाहीर करावं लागेल आणि प्रशिक्षकाच्या करारभरपाईसाठी त्यातला एक डॉलरही वापरता येणार नाही. मंडळ पुढे हा ठरावही बदलू शकेल, पण तेव्हा ते सगळ्यांसमोर करावं लागेल.