नार्सिसस आणि इको: एका ग्रीक कथेतून इंग्रजीत आलेले शब्द

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी ग्रीक पुराणकथांचा आधार घेणं ही जुनी आणि गुणकारी पद्धत आहे. पण कथा सांगून तिला शब्द जोडून दिला की काम निम्मंच होतं. तो शब्द इंग्रजीत कुणी आणला आणि कशासाठी, हे कळलं की त्याचा आजचा अर्थ पक्का बसतो. नार्सिसस आणि इकोची कथा मला त्यासाठी सगळ्यांत उजवी वाटते. त्या एका कथेतून निघालेले शब्द आज कवितेत, वनस्पतिशास्त्रात, मानसोपचारात आणि हृदयरोगाच्या दवाखान्यात सापडतात.

कथा ग्रीक असली तरी आपल्याला माहीत असलेलं तिचं रूप लॅटिन आहे. रोमन कवी ऑव्हिडने इ. स. ८ च्या सुमारास ‘मेटामॉर्फसीस’ हे १५ खंडांचं काव्य पूर्ण केलं. त्याच्या तिसऱ्या खंडात ती येते. इको ही बोलघेवडी वनदेवता. देवांचा राजा ज्युपिटर इतर वनदेवतांच्या सहवासात असला की ती त्याच्या पत्नीला, ज्युनोला, गप्पांत गुंतवून ठेवायची. हे ध्यानात आल्यावर ज्युनोने शाप दिला: यापुढे तुला आपणहून बोलता येणार नाही, दुसऱ्याच्या बोलण्याचा शेवट तेवढा तुझ्या तोंडून निघेल. पुढे शिकारीत सोबत्यांपासून चुकलेला देखणा नार्सिसस तिला दिसतो. तो हाक मारतो, “इथे कुणी आहे?” झाडीतून उत्तर येतं, “आहे!” तो म्हणतो, “इकडे ये, भेटू या.” ती आनंदाने म्हणते, “भेटू या!” आणि समोर येते. तो तिला झिडकारतो. दुःखाने ती झिजत जाते, हाडांचे दगड होतात आणि उरतो तो फक्त आवाज. शापित बाईच्या तोंडी दुसऱ्याचेच शब्द ठेवून तिच्या मनातलं सगळं सांगणं, ही ऑव्हिडची खरी कमाल.

नार्सिससने झिडकारलेला एक तरुण मग देवापुढे हात जोडतो: यालाही असंच प्रेम जडू दे, आणि तेही असंच अप्राप्य राहू दे. ही प्रार्थना ऐकते ऱ्हामनूसची देवी, म्हणजे नेमेसिस. अ‍ॅटिकातल्या ऱ्हामनूसला तिचं प्रसिद्ध देऊळ होतं. नार्सिसस तळ्यात स्वतःचंच प्रतिबिंब पाहून वेडावतो आणि तिथेच संपतो. त्याच्या जागी पिवळ्या गाभ्याचं, पांढऱ्या पाकळ्यांचं फूल उरतं.

या दोघांची कथा एकत्र गुंफलेली आढळते ती सर्वप्रथम ऑव्हिडकडेच. लाँगसच्या ग्रीक कादंबरीत इकोचा छळ करणारा देव पॅन आहे. तो धनगरांना वेड लावतो, ते तिचे तुकडे करतात आणि ते तुकडे पृथ्वीभर गात राहतात. (‘पॅनिक’ हा शब्द याच पॅनचा.) दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पॉसेनिअस याला तर प्रतिबिंबाची गोष्टच पटली नाही. प्रेमात पडण्याइतक्या वयाच्या माणसाला माणूस आणि प्रतिबिंब यांतला फरक कळू नये, हे त्याला मूर्खपणाचं वाटलं. त्याने दुसरी कथा नोंदवली: नार्सिससची जुळी बहीण वारली आणि पाण्यात तो तिचा चेहरा शोधायचा. मला ही कथा अधिक करुण वाटते, पण भाषेत टिकली ती ऑव्हिडची.

ती टिकली शाळांमुळे. इंग्लंडात लॅटिन शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी ऑव्हिड वाचणं होतं, आणि १५६७ साली आर्थर गोल्डिंगने त्याच्या संपूर्ण काव्याचा इंग्रजी पद्यानुवाद छापला. इको मात्र त्याआधीच, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रज कवी चॉसरच्या कवितेत भेटते. वनस्पतिशास्त्रात लिनियसने १७५३ मध्ये ‘नार्सिसस’ हे नाव प्रजातीसाठी वापरलं. डॅफोडिल त्याच प्रजातीतलं.

इकोचा सर्वांत लांबचा प्रवास स्वीडनमधून झाला. १९५३ साली लुंड इथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या गोदीतून एक यंत्र मागून आणलं. धातूतले दोष शोधणारं ते श्राव्यातीत लहरींचं यंत्र त्यांनी हृदयावर लावलं. हृदयावरून परत येणाऱ्या लहरींच्या या तपासणीला पुढे ‘एकोकार्डिओग्राफी’ नाव पडलं. आपल्याकडे डॉक्टर ‘टू-डी इको’ करून घ्यायला सांगतात, तो इको हाच.

नार्सिससला आजारात नेलं डॉक्टरांनी. १८९८ मध्ये हॅवलॉक एलिसने स्वतःच्याच देहात गुंतलेल्या वृत्तीसाठी त्याचं नाव घेतलं, १८९९ मध्ये पाउल नेकेने जर्मनमध्ये संज्ञा केली आणि १९१४ मध्ये फ्रॉइडने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ‘नार्सिसिस्टिक’ व्यक्तिमत्त्व विकार दाखल झाला. म्हणून फोटो काढण्याची हौस असलेल्या कुणालाही ‘नार्सिसिस्ट’ म्हणणं सैल वापर ठरतो. नेमेसिसचंही तसंच: मूळ अर्थ योग्य ते शासन देणारी देवी, आज मात्र ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही असा प्रतिस्पर्धी.

शिकणाऱ्याने दोन ठिकाणी जपावं. ‘नार्कोटिक’ आणि ‘नार्को टेस्ट’ हे शब्द नार्सिससशी जुळणारे वाटतात, पण त्यांचं मूळ गुंगी या अर्थाच्या ग्रीक ‘नार्के’त आहे. रोमन लेखक प्लिनीने तर पहिल्या शतकातच लिहिलं की फुलाचं नाव या गुंगीवरून आलं, कथेतल्या मुलावरून नाही. आजच्या अनेक भाषाशास्त्रज्ञांना मात्र फुलाचं नाव ग्रीकांच्याही आधीच्या भाषेतलं वाटतं, त्यामुळे हे नातं गृहीत धरू नये.

दुसरं ठिकाण खास आपल्या लिपीतलं. ‘टू-डी इको’ आणि ‘इको-फ्रेंडली गणपती’ यांतला इको देवनागरीत सारखाच दिसतो. पण दुसरा आला आहे घर या अर्थाच्या ‘ओइकोस’वरून, जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये घडवलेल्या ‘इकॉलॉजी’तून. त्याचा या वनदेवतेशी काही संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्यात ‘एच’ आहे, दुसऱ्यात नाही.