गस्त प्रशिक्षण, पोलिसांचे

नव्याने भरती झालेल्या पोलिसाला नेमून दिलेल्या हद्दीत फिरणे, न्याहाळणे, संशयिताला अडवणे, विचारपूस करणे, कुमक मागवणे आणि घडले ते लिहून ठेवणे या कामांची रीत शिकवण्याची पद्धती. प्रशिक्षण केंद्रातील वर्ग व सराव हा तिचा पहिला टप्पा. त्यानंतर अनुभवी पोलिसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष हद्दीत केलेल्या गस्तीला क्षेत्र-प्रशिक्षण म्हणतात. ‘गस्त’ हा शब्द फिरणे, फेरी या अर्थाच्या फार्सी ‘गश्त’वरून मराठीत आला. ‘पॅट्रोल’ या इंग्रजी शब्दाचे मूळ चिखलात पाय मारत चालणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात सांगतात. पोलिसांच्या बोलीतले ‘बीट’ म्हणजे एका शिपायाच्या वाट्याला आलेला ठरीव भाग.

उगम : ठरीव हद्द, ठरीव वेळ आणि वरिष्ठाकडून तपासणी अशी गस्तीची आधुनिक घडी १८२९ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महानगर पोलीस दलाने बसवली, असे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. चार्ल्स रोवन व रिचर्ड मेन हे दलाचे पहिले आयुक्त. त्यांच्या काळातील सर्वसाधारण सूचनांनुसार शिपायाने आपल्या बीटचा प्रत्येक भाग दहा मिनिटांत किंवा पाव तासात एकदा तरी नजरेखालून घालावा आणि घरोघरच्या रहिवाशांना चेहऱ्याने ओळखावे, अशी अपेक्षा होती. रोवन वॉटर्लूच्या लढाईत लढलेले सेनाधिकारी. हलक्या पायदळातील शिक्षणाचे तंत्रच त्यांनी रस्त्यावर आणले, असे एक मत आहे. त्याविरुद्ध, अठराव्या शतकातच लंडनमधील काही पॅरिशांनी (चर्चच्या हद्दीनुसार पाडलेल्या स्थानिक कारभाराच्या विभागांनी) पगारी रखवालदार, नेमक्या फेऱ्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी अशी व्यवस्था उभारली होती, याकडे अलीकडचे संशोधक लक्ष वेधतात. रात्रपहाऱ्याची कायदेशीर सक्ती तर इंग्लंडमध्ये १२८५ च्या विंचेस्टर कायद्याइतकी जुनी आहे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बीटची कल्पना चालत आलेलीच होती. नव्या दलाने ती एका आज्ञेखाली आणली आणि लेखी केली. याच संदर्भात, नवशिक्यांना अनेक ठिकाणी शिकवली जाणारी, हे दल स्थापन करणारे गृहमंत्री रॉबर्ट पील यांची ‘नऊ तत्त्वे’ही सावधपणे वाचावी लागतात. त्या यादीचा आजचा साचा विसाव्या शतकातील लेखकांनी घडवला आहे.

नवशिक्याला रीतसर शिकवावे, हा विचार त्यामानाने उशिराचा. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तेथील पोलीस दलाचे प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये पोलिसांसाठी शाळा सुरू केली. रस्त्यावरचे शिक्षण मात्र पुढेही दीर्घकाळ ‘जुन्याबरोबर फिर आणि शीक’ याच वळणाचे राहिले. जुना पोलीस जसा असेल, तसा नवा तयार होई.

क्षेत्र-प्रशिक्षण : या रूढीला लेखी, मोजता येणारे रूप सान होजे (कॅलिफोर्निया) येथील दलाने १९७२ च्या सुमारास दिले. तेथे एका नवख्या पोलिसाच्या हातून झालेल्या वाहन अपघातात एकाचा मृत्यू झाला. मागील नोंदी चाळल्यावर हा पोलीस आधीच कमी पडत होता, पण त्याला थांबवण्याइतका लेखी आधार कोणी तयार केला नव्हता, असे दिसून आले. ही पद्धत शिकवण्यापेक्षा पारखण्याकडे का झुकली, याचे उत्तर बहुधा या जन्मकथेतच आहे. तिच्या प्रचलित रूपात नवशिका साधारण चार-चार आठवडे तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांबरोबर काम करतो आणि अखेरीस पहिल्याच प्रशिक्षकाकडे परततो. या शेवटच्या टप्प्यात प्रशिक्षक कित्येकदा साध्या वेशात बसतो, म्हणजे लोक आपोआप नवशिक्याशीच बोलतात. दर पाळीअखेर दैनिक निरीक्षण अहवाल भरला जातो. त्यात वाहन चालवणे, बिनतारी संदेश, दिशांचे भान, अहवाललेखन, स्वतःची सुरक्षितता अशा बाबींना १ ते ७ गुण देतात. ४ ही किमान स्वीकारार्ह पातळी.

गुणांच्या या पद्धतीवर पुढे आक्षेप आले. रोज गुण मिळणार असतील, तर नवशिका चूक लपवायला शिकतो, हा त्यांतला मुख्य आक्षेप. १९९९ ते २००१ या काळात नेवाडातील रीनो येथे पर्यायी नमुना तयार झाला. त्यात प्रौढशिक्षण आणि समस्याधारित अध्ययन यांवर भर असून नवशिक्याला आपल्या बीटमधील एखादी खरी अडचण हाती घेऊन तिच्या मुळाशी जावे लागते. चुकांतून शिकण्यास येथे मुभा आहे. मात्र एखाद्याला नोकरीतून कमी करण्याची वेळ आली, तर जुन्या पद्धतीचे रोजचे आकडे प्रशासनाला सोयीचे पडतात. त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करणारी दलेही आहेत.

कार्यपद्धती : पाळीची सुरुवात हजेरी, आधीच्या पाळीतील घटनांची माहिती आणि वाहन व साधनांची तपासणी यांनी होते. वाहन थांबवायचे असल्यास ठिकाण व नोंदणी क्रमांक नियंत्रण कक्षाला आधी कळवावा, मग दिवे लावावेत, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतात; झटापट सुरू झाल्यावर ठिकाण सांगायला सवड मिळेलच असे नाही. पोलिसांचे वाहन थांबवलेल्या वाहनामागे किंचित रहदारीच्या बाजूला सरकवून उभे केल्यास पायी पुढे जाणाऱ्याला आडोसा मिळतो. दोघे असल्यास एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून फक्त नजर ठेवायची. हे ऐकायला सोपे आहे. पण नजर ठेवणाऱ्याने संभाषणात तोंड घालणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. पायी गस्तीत दिवसा पदपथाच्या रस्त्याकडील बाजूने, तर रात्री दारे-कुलपे चाचपता यावीत म्हणून भिंतीलगत चालण्याचा जुना ब्रिटिश प्रघात होता. ग्रामीण गस्तीत अंतरे मोठी आणि कुमक दूर असल्याने एकट्याने थांबून वाट पाहणे हेही शिकवावे लागते.

परिणाम : कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये १५ बीटचे तीन गट करून नेहमीची, वाढवलेली आणि केवळ बोलावण्यापुरती अशी गस्त घालून पाहिली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दिशाहीन फिरणे शिकवण्यात अर्थ किती, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. मिनियापोलिसमध्ये गुन्हे दाटलेल्या जागी गस्त वाढवून केलेल्या प्रयोगाच्या आधारे गुन्हेशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कोपर यांनी १९९५ मध्ये दाखवले, की अशा जागी सुमारे १० ते १५ मिनिटे थांबल्यास पोलीस गेल्यावरही काही काळ वचक टिकतो. आकडा १८२९ च्या सूचनांशी जुळतो खरा, पण तो योगायोग होय. तिथे ती फेरीची वेळ होती, इथे मुक्कामाची.

नवशिक्यांच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात झाला. प्रशिक्षण केंद्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोलिसांना ६० छोट्या बीटवर जोडीने पायी गस्तीला पाठवण्यात आले. तुलनेसाठीच्या ६० जागांच्या मानाने तेथील हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. गस्त थांबल्यावर हा परिणाम टिकला नाही. शिवाय दरम्यानच्या काळात, लहानशा चौकोनात तेच ते फिरून कंटाळलेले हे पोलीस नेमून दिलेली बीट ओलांडून आजूबाजूच्या गल्ल्यांत जाऊ लागले होते.