पेटीतला एकच सूर का दबतो?

हरिनाम सप्ताह तोंडावर आला की मराठवाड्यातल्या कितीतरी देवळांत कोपऱ्यात पडून राहिलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, बाहेर निघते आणि हरिपाठाच्या पहिल्याच ओळीला कळून चुकते की सगळ्या पट्ट्या सारख्या बोलत नाहीत. गंधार खणखणीत येतो, शेजारचा मध्यम दबून येतो आणि खर्जातला एखादा सूर भाता दोनदा मारल्यावर जागा होतो. अशा वेळी पहिला संशय सुरावर, म्हणजे पितळी रीडवर घेतला जातो आणि कोणीतरी कानस हाती धरतो. ही घाई महागात पडते, कारण घासून गेलेले पितळ परत आणता येत नाही आणि दोष पुष्कळदा हवेच्या वाटेत असतो.

रीडची पातळ जीभ एका टोकाला रिबिटाने बसवलेली असते आणि दुसरे टोक खाचेतून मोकळेपणी आत-बाहेर होते. भात्याची हवा त्या खाचेतून निघताना जीभ हलते, वाट क्षणोक्षणी उघडते-मिटते, आणि हवेचे हे तुटक झोत आपल्याला सूर म्हणून ऐकू येतात. म्हणजे एका सुराचा आवाज जिभेवर जितका, तितकाच तिथवर पोहोचणाऱ्या हवेवर अवलंबून असतो.

म्हणून आधी सगळ्या खुंट्या, म्हणजे सुरांकडे हवा सोडणाऱ्या पुढच्या मुठी, उघडून भाता भरावा आणि एकही पट्टी दाबू नये. बारीक फुसफुस किंवा एखादा सूर आपोआप वाजत राहिला, तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही. आपल्याकडचा चाळिशीपार जाणारा कोरडा उन्हाळा झडपेचे चामडे कडक करतो, तर पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, त्यामुळे एकच पेटी वैशाखात आणि आषाढात दोन वेगळ्या तक्रारी करते.

यानंतरची कसोटी मला सर्वांत उपयोगाची वाटते. दोन सुरांच्या पेटीत एका पट्टीची एकच झडप बहुधा खर्ज (खालचा, जाड) आणि नर (त्याच्या वरचा) अशा दोन्ही सुरांना वाट देते. खुंट्या आलटून पालटून उघडाव्यात. दोन्ही सूर सारखेच दबलेले असतील तर दोन रीड एकाच वेळी बिघडल्या असे मानण्यापेक्षा झडप पुरेशी उघडत नाही असे मानणे सयुक्तिक ठरते. हवा अपुरी पडली की आवाज मंद होतोच, शिवाय सूर किंचित उतरतोही, आणि नेमका हाच उतरलेला सूर पाहून लोक रीड घासायला निघतात. एकच सूर दबत असेल, तरच रीडकडे वळावे.

तिथेही कानस शेवटी. जिभेच्या आणि खाचेच्या मधे धुळीचा कण अडकला की सूर गप्प होतो किंवा खरखरतो. पातळ कागद जिभेखालून सरकवला की तो बहुधा निघतो. जीभ बाजूला सरकून खाचेला घासत असेल किंवा रिबिट सैल झाला असेल, तरी खरखर येते. जिभेचे मोकळे टोक चौकटीपासून किंचित उचललेले असावे लागते. ते फार खाली बसले तर जोरात भाता मारताच सूर गुदमरतो, फार वर राहिले तर सूर उशिरा बोलतो आणि हवा वाया जाते. मात्र खर्जाची जीभ मोठी व जड असल्याने ती मुळातच जराशी आळशी असते, तो दोष समजू नये.

हे सगळे ठीक असूनही सूर उतरलेला किंवा चढलेला असेल, तरच घासणे आले. टोकाकडे घासले तर वजन घटते आणि सूर चढतो. मुळाशी घासले तर ताठरपणा घटतो आणि सूर उतरतो. एक सूर ४४० आणि दुसरा ४४२ कंपनांचा असेल, तर एकत्र वाजवताना सेकंदाला २ लाटा, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात, आणि त्या लाटा विरेपर्यंत थोडे थोडे घासत जावे. घासताना पितळ तापते आणि तापलेल्या जिभेचा सूर किंचित खालचा लागतो, म्हणून ती थंड होऊ द्यावी, रीड जागेवर बसवावी, पेटीचे झाकण लावावे आणि मगच पुन्हा ऐकावे.