हत्यार घेताना आणि घेतल्यावर: आपल्या मिस्त्रीभाऊंसाठी दुकानाचा कागद

मिस्त्रीभाऊ, बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तुम्ही भाव विचारता, आम्ही भाव सांगतो, पिशवीत टाकून देतो, आणि जे खरं सांगायचं असते ते राहूनच जाते. म्हणून हा कागद बिलासोबत देऊन राहिलो. फेकू नका, हत्यारांच्या पेटीत टाकून ठेवा.

इतकी वर्षं सुतारीची हत्यारं विकून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, काही हत्यारं गेली की परत येतच नाहीत, म्हणजे तक्रार घेऊन येत नाहीत, तोच मिस्त्री येतो पण दुसरं काही घ्यायला, आणि वरून शेजारच्या गावच्या भावालाही घेऊन येतो. ही हत्यारं महागडीच असतात असं काही नाही बरं. ती त्याच्या कामाची असतात, आणि त्यानं ती वापरायच्या आधी घरी बसून तयार केलेली असतात. दुसरी गोष्ट लोक विसरतात. नवं हत्यार डब्यातून निघालं म्हणजे तयार आहे असं समजू नका, कंपनी फक्त लोखंडाला आकार देऊन पाठवते, धार तुम्हालाच आणायची आहे.

पटाशीपासून सुरू करू कारण भांडण तिथंच जास्त होते. बारा नगाचा सेट चमकतो, पेटीसहित येतो, पोरगं म्हणते बाबा हाच घ्या. घेऊ नका. दरवाजे, खिडक्या, चौकटी करणाऱ्याला पाव, अर्धा आणि एक इंच एवढ्या तीन पटाश्यांत वर्षभराचं काम निघते, लागलीच तर पाऊण इंची नंतर घ्या. बारातल्या नऊ पेटीत गंजतात. त्याच पैशात तीन चांगल्या येतात, ज्यांच्यावर ५८ ते ६२ एचआरसी असं लिहिलेलं असते, म्हणजे पोलाद किती कडक आहे त्याचं माप. ५८ च्या बरंच खाली असलं तर धार टिकत नाही, आणि फार वर गेलं तर कोपरे तुटतात.

आता तयार करायचं कसं. पटाशी उलटी करा, जी बाजू सपाट दिसते तिच्यावर मार्कर पेननं काळं करा आणि धारेच्या दगडावर चार वेळा घासा. बघा काळं कुठं पुसलं. बहुतेक वेळा टोकाकडं मधात काळं तसंच राहते, कडेकडेचंच पुसलं जाते, म्हणजे ती बाजू सपाट नाहीच, मधात खोलगट आहे. टोकाचा एक इंच भाग सगळा एकसारखा चमकेपर्यंत आधी खडबडीत बाजूवर, मंग बारीक बाजूवर घासा, दगडावर थोडं मशीनचं पातळ तेल टाका. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण आयुष्यात एकदाच करायचं आहे, आणि हे न करता वरचा उतार कितीही घासला तरी धार येत नाही, कारण धार म्हणजे दोन बाजूंची गाठ आहे, एक बाजू वाकडी असली तर गाठ कुठं पडणार.

मंग उतार. कंपनीचा उतार साधारण २५ अंशाचा असतो, त्याला टोकाशी ३० अंशाची बारीकशी पट्टी द्या, अर्धा एक मिलीमीटरची पुरते. सागवानाला ३० चालते. बाभूळ, धावडा, तिवस अशा कडक लाकडात ठोकून काम असेल तर ३५ पर्यंत न्या, नाहीतर धार चुरते आणि मंग लोक म्हणतात पटाशी खराब निघाली. घासता घासता उलट्या बाजूनं नखाला एक बारीक कड लागते, ती लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. ती कड सपाट बाजूनं दगडावर हलक्या हातानं काढा, जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर चारदा ओढा. हाताचे केस कापून पाहू नका राजेहो, सालईचा नाहीतर आंब्याचा नरम तुकडा घ्या, त्याच्या कापलेल्या टोकावर, जिथं लाकडाचे बारीक छिद्र दिसतात तिथं पटाशी हातानं दाबून ढकला. कापलेली जागा गुळगुळीत चमकली तर धार आहे, लाकूड चुरगळून पांढरं पडलं तर नाही.

ग्राइंडरवर धार लावणाऱ्यांसाठी एकच सांगणं. टोक तापत तापत आधी पिवळसर होते, मंग तपकिरी, जांभळं, आणि ३०० अंशाच्या आसपास निळं. पिवळसर झालं तोवर फार बिघडलं नाही, पण निळं झालं म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, ते पोलाद आता नरम आहे, वरून पाण्यात बुडवलं तरी कडकपणा परत येत नाही. निळा भाग सगळा घासून काढावा लागते. म्हणून दोन सेकंद लावा, पाण्यात बुडवा, परत लावा, बोटाला चटका बसायच्या आधी थांबा. निळी झालेली पटाशी घेऊन "बदलून द्या" म्हणून लोक येतात, आणि आम्हाला लांबूनच दिसते.

सागवानाचं अजून एक. आपल्याकडं लाकूड म्हटलं की सागच, बल्लारशाच्या डेपोतलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दरवाज्यांसाठी गेलं, त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहेच. पण सागाच्या आत सिलिका असते, रेतीत असते तीच, म्हणून साग कापायला नरम लागते तरी धार मात्र लवकर खाऊन टाकते. सागावर काम करताना रंध्याची धार अर्ध्या दिवसात बसली तर पातं खराब नाही, सागाचा गुणच तसा आहे. दगड जवळ ठेवायचा आणि धार पुरती बसायच्या आधीच दोन हात मारायचे, तेवढंच.

रंधा लाकडी घ्यावा का लोखंडी, हा प्रश्न रोज येते. लोखंडी रंध्याचं आजचं जे डिझाइन आहे, मागं पितळी चाक फिरवून पातं खालीवर करायचं, ते अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली नावाच्या माणसाचं, त्याचे पेटंट स्टॅन्ली कंपनीनं १८६९ मध्ये घेतले आणि तेव्हापासून बहुतेक सगळे कारखाने तसाच बनवून राहिले. चार नंबरचा म्हणजे साडेनऊ इंचाच्या आसपासचा, शेवटच्या सफाईसाठी. पाच नंबरचा म्हणजे चौदा इंचाचा, दरवाज्याच्या लांब पट्ट्या सरळ करायला. एकच घ्यायचा असेल तर पाच घ्या. लाकडी रंधा हलका, सागावर मस्त सरकते, आणि म्हातारे मिस्त्री तोच हाती घेतात ते उगीच नाही, पण आपल्या पावसात तो फुगते आणि मे महिन्यात आकसते, तळ वाकडा होते, म्हणून दरवर्षी पावसाळा संपला की त्याचा तळ काचेवर सँडपेपर ठेवून सरळ करून घ्यायचा. भुसा अडकून राहिला तर रंध्याला शिव्या देऊ नका, पात्यावर जी दुसरी पट्टी स्क्रूनं बसते तिच्या आणि पात्याच्या मधात फट आहे का पाहा. ती पट्टी पात्याला टोकाशी घट्ट चिकटली पाहिजे आणि धारेपासून साधारण एक मिलीमीटर मागं, सफाईच्या कामाला त्याहून कमी.

करवतीत आता दोन जाती आहेत. जिचे दात टोकाला काळे-निळे दिसतात ती करंट लावून कडक केलेली, बरेच दिवस चालते, पण बसली की बसली, तिच्यावर कानस घसरते, दात घासता येत नाहीत. दुसरी साधी, लवकर बसते पण तिकोनी कानसनं घरीच दात काढता येतात आणि बापाची करवत पोराच्या हातात जाते. ज्याला कानस येते त्यानं साधी घ्यावी, ज्याला येत नाही त्यानं काळ्या दाताची घ्यावी, यात लाज नाही. लाकडाच्या लांबीत चिरायला इंचाला पाच-सहा दात, आडवं कापायला आठ-दहा, चौकटीच्या कुसवाला, म्हणजे सांध्यात आत बसणाऱ्या टोकाला, बारा-चौदा. करवत लाकडात अडकत असेल तर दात बोथट झाले असं लगेच समजू नका, ते एक डावीकडं एक उजवीकडं थोडे वाकलेले असतात ते सरळ झाले असतील, किंवा लाकूड ओलं असेल.

टेपबद्दल. "टेपच्या टोकाचा हुक ढिल्ला आहे, बदलून द्या" असं महिन्यातून चारदा ऐकावं लागते. भाऊ, तो मुद्दाम ढिल्ला ठेवलेला आहे. हुक बाहेरून अडकवून ओढला तर तो आपल्या जाडीएवढा पुढं सरकते, आतून भिंतीला टेकवला तर तेवढाच मागं जाते, म्हणून आतलं आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर येते. ठोकून पक्का केला तर त्या टेपचं काम संपलं, मंग सुतासुताचा फरक पडून राहील आणि तुम्ही शोधत बसाल.

गुण्या मात्र तपासूनच न्या, आमच्या काउंटरवरच तपासा, त्यासाठी सरळ कडेची फळी ठेवलेली आहे. गुण्या कडेला टेकवून बारीक रेघ मारा, मंग गुण्या उलटा फिरवून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन खरा. वर जाता जाता फाकल्या तर चूक आहे, आणि दिसते त्याच्या अर्धी आहे, म्हणजे वर एक सूत फाकली तर गुण्या अर्धा सूत खोटा. एवढ्याशानं दरवाजा बसत नाही.

वाकस, म्हणजे लाकूड तासायचं दांड्याचं हत्यार, आम्ही दोन प्रकारचे ठेवतो, एक कारखान्याचा, एक लोहाराचा, ट्रकच्या कमानपट्ट्यातून घडवलेला. आमचं मत विचाराल तर नांगर, वखर, बंडीच्या कामाला लोहाराचाच घ्या, कमानपट्ट्याचं पोलाद झटका सहन करते. फक्त त्याला पाणी नीट दिलं आहे का हे कानस फिरवून पाहा, धारेजवळ कानस कसाबसा चावला पाहिजे, आणि मागं दांड्याच्या भोकाजवळ सहज.

दांड्यांचं आणि मुठीचं आपल्या इकडं वेगळंच दुखणं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, लाकूड आकसते, वाकस दांड्यातून उडते. मंग लोक रात्रभर पाण्यात टाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी घट्ट वाटते खरं, पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात दबून चेंगरते, आणि वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिल्लं. असं करू नका, पाचर बदला, आणि दांड्याला जवसाचं तेल पाजा, आपल्याकडं जवसाला तोटा नाही. दांडा धावड्याचा नाहीतर तिवसाचा, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्या. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका बाप्पा, ती वाळता वाळता आतून गरम होतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात, भुशाजवळ तर नकोच. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदी करणारे येतात, त्यांना वेगळं काय सांगायचं, ते आम्हालाच शिकवतात. नवीन पोट्ट्यांसाठी एवढंच, एक गोल पटाशी, एक पाव इंची सरळ, एक लाकडाची खरबरीत कानस, यात नंदीचे कान-शिंगं सगळे निघते. चाकासाठी हळदू बरा, वळणावर तुटत नाही.

लाइटच्या मशिनी आम्ही विकतो पण खेड्यात एक अडचण आहेच. व्होल्टेज पडलं की मशीन हळू फिरते, तिच्या आतला पंखाही हळू फिरते, आपण जोर लावून दाबतो आणि कॉइल जळते. आवाज उतरला की हात काढा. शेतातल्या मीटरवरून लांबलचक बारीक वायर ओढून प्लॅनर चालवू नका, वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. आणि चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं आम्ही देत नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही, ते झटका मारते आणि गार्ड काढून वापरणाऱ्याची बोटं जातात. बाकी कुठं मिळत असेल, आम्हाला विचारू नका.

पीएम विश्वकर्मा योजनेचं लोक फार विचारतात म्हणून लिहितो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा धंद्यांमध्ये सुतार आहे, घरातून एकालाच मिळते, नोंदणी सेतू नाहीतर सीएससी सेंटरवर होते. ट्रेनिंगमध्ये दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारापर्यंतचं ई-व्हाउचर, आणि कर्ज आधी एक लाख, मंग दोन लाख, ५ टक्के व्याजानं. ते व्हाउचर आमच्या काउंटरवर चालत नाही. पण किट आलं की पटाश्या घेऊन या, वर लिहिलं तसं तयार करून दाखवू, त्याचे पैसे घेत नाही, आमच्याकडून घेतलेल्या असो वा नसो.

बदलून देण्याचं असं आहे. पोलादात भेग निघाली, गुण्या खोटा निघाला, मूठ पहिल्याच ठोक्यात फुटली, तर बिल दाखवा, लगेच बदलून मिळेल. निळं झालेलं, लोखंडी हातोडीनं ठोकून मूठ फोडलेलं, पटाशीनं खिळे काढलेलं परत घेत नाही. धार लावायला आणाल तर सकाळी आणा, संध्याकाळी मिळते. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असते, आवाज द्या, आत झोपलेलो असतो.