जमिनीवरच्या गोगलगायी : शहरांतील जड धातूंच्या प्रदूषणाच्या निर्देशक

मातीत शिसे, कॅडमियम किंवा जस्त एकूण किती आहे, हे मातीच्या परीक्षणातून कळते. त्यातले सजीवांच्या शरीरात किती शिरते हे मात्र मातीचा सामू (पीएच), चुना आणि सेंद्रिय द्रव्य यांवर ठरते. ते मोजायला गोगलगाय फार उपयोगी. ती फारशी हिंडत नाही, त्यामुळे तिच्यातला धातू त्याच जागेचा असतो. पानांवरच्या धुळीबरोबर टायरांच्या झिजेतले जस्त आणि ब्रेकमधले तांबे तिच्या पोटात जाते. ती मातीही खाते, शिवाय पायाच्या ओल्या त्वचेतूनही धातू शोषले जातात. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगभरात २०२१ मध्ये थांबली, तरी आधी साचलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीत टिकून आहे.

कॅडमियम मुख्यतः पाचक ग्रंथीत साठते. तिथे मेटॅलोथायोनिन हे प्रथिन त्याला बांधून ठेवते, म्हणून ते सहज बाहेर पडत नाही आणि कॅडमियमसाठी गोगलगायीची साक्ष सर्वांत भरवशाची ठरते. तांब्याचे तसे नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिन या प्रथिनासाठी तांबे लागतेच, त्यामुळे शरीर त्याची पातळी सांभाळते. तांब्याचे आकडे जपूनच वाचावेत.

जागेवरच्या गोगलगायी गोळा केल्या तर त्यांचे वय आणि धातूंशी पूर्वीचा संपर्क नक्की कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, एका वयाच्या व वजनाच्या गोगलगायी तपासायच्या जागी पिंजऱ्यात २८ दिवस ठेवतात. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) २४०३२ हे २०२१ चे मानक याच पद्धतीचे आहे. पिंजऱ्याला गॅल्व्हनाइज्ड जाळी अजिबात नको, तिचे जस्त थेट निष्कर्षात उतरते. स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. काही गोगलगायी पहिल्याच दिवशी गोठवून ठेवाव्यात, नाहीतर २८ दिवसांत किती वाढ झाली हे सांगता येणार नाही. त्या भागात मुळात नसलेली जात मोकळ्या जागेत नेऊ नये. शंखी गोगलगायीत उंदरांच्या फुप्फुसकृमीच्या अळ्या असू शकतात, त्यामुळे हातमोजे हवेतच.

बाहेर काढल्यावर ४८ तास उपाशी ठेवून विष्ठा वरचेवर पुसावी, कारण त्या ती पुन्हा खातात. आतड्यात माती राहिली तर आकडा फुगतो, आणि ती ऊतीतली नव्हे तर मातीची मोजणी होते. मग गोठवून पाचक ग्रंथी व पाय वेगळे करावेत, ६० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून नायट्रिक आम्लात विरघळवावेत. अणुशोषण वर्णपटमापकावर (धातूचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजताना सोबत कोरा नमुना (ऊती नसलेले नुसते आम्ल) आणि प्रमाणित संदर्भ नमुना (धातूचे प्रमाण आधीच ठाऊक असलेला) चालवावा. निष्कर्ष कोरड्या वजनाच्या प्रतिग्रॅम मायक्रोग्रॅममध्ये द्यावा. ओले वजन पाण्यानुसार बदलते.

ठिकाणांची तुलना एकाच जातीत, एकाच ऋतूत करावी. कोरड्या दिवसांत गोगलगाय शंखाचे तोंड पडद्याने बंद करून निपचित राहते, खात नाही. अशा वेळी मिळालेला कमी आकडा जागा स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे.